मोबाइल खिशात, कोंबडी पाण्यात

गेल्या अंकात मी सू वीडबद्दल लिहिलं होतं. मांस किंवा भाजी पिशवीत बंद करायची (अंडं कवचासकट तसंच), ठरावीक तापमानाच्या पाण्यात तासन् तास ठेवायची, आणि पाणी अर्ध्या अंशानंही हलू द्यायचं नाही. ही राखण करायला पाण्यात उभा करायचा एक हातभर दांडा मिळतो आणि तो फोनवरच्या अ‍ॅपमधून चालवता येतो. आपल्याकडे बादलीत टाकायचा हीटरचा रॉड असतो ना, त्याचा हा शिकलेला भाऊ. रॉड नुसता तापत सुटतो. हा दांडा पाणी ढवळतो, तापमान मोजतो आणि लागेल तेवढीच वीज घेतो.

त्यावर पत्रांचा ढीग आला. निम्मी स्वयंपाकाची, निम्मी फोनची. मी मूळचा उपकरणवाला. पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं भट्ट्यांचे तापमान-नियंत्रक जुळवले, स्वयंपाक निवृत्तीनंतर शिकलो. त्यामुळे दांड्याबद्दलची उत्तरं माझी, रश्श्याबद्दलची सौ.ला विचारून दिलेली.

काका, अ‍ॅपमध्ये ६५ अंश आणि एक तास लावून चार अंडी पाण्यात सोडली. फोन लगेच ‘पाणी तयार’ म्हणाला, तासाभरानं ‘झालं’ म्हणाला. फोडून बघते तर अंडं जसंच्या तसं कच्चं! यंत्र खराब निघालं का?
— एक वाचक, कोथरूड

ताई, यंत्र ठणठणीत आहे. तुमचं अ‍ॅप फॅरनहाइटमध्ये बोलतंय. ६५ अंश फॅरनहाइट म्हणजे आपले जेमतेम १८ अंश सेल्सिअस. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणीच तिशीच्या पुढे असतं. दांड्याला पाणी तापवता येतं, गार करता येत नाही. त्यानं बघितलं, पाणी मागितल्यापेक्षा गरमच आहे, म्हणून ‘तयार’ म्हणून मोकळा झाला. त्याचं काही चुकलं नाही.

तुमच्या पत्रातलं ‘लगेच’ हे खरं लक्षण आहे. दहा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० ला न्यायला हजार वॉटच्या दांड्याला साधारण २५ मिनिटं लागतातच. त्याच्या बरंच आधी तो तयार म्हणत असेल तर फोन बाजूला ठेवा आणि भांड्यावर तळहात धरा. ६० अंशांच्या पाण्याची धग हाताला लागते. (बोट बुडवू नका, भाजेल.) अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये एकक बदलायची सोय असते. ते एकदा सेल्सिअस केलं की काम झालं. तरी दर वेळी आकड्यापुढचं अक्षर वाचायची सवय ठेवा, कारण कृती बहुतेक अमेरिकेत लिहिलेल्या असतात. तिथे १४० दिसलं तर घाबरू नका, ते आपले ६० आहेत. ती चार अंडी परत फ्रिजमध्ये ठेवू नका, त्याच दिवशी पूर्ण उकडून संपवायची.

आता अंड्याचं. ६५ आणि एक तास ही कृती खरीच आहे, पण करण्याआधी काय निघणार ते ऐका. अंड्याच्या पांढऱ्यात एकच प्रथिन नसतं. एक ६२ अंशांच्या आसपास धरायला लागतं, पण सगळ्यात जास्त असलेलं ८० च्या घरात गेल्याशिवाय धरत नाही. पिवळा बलक मधेच, ६५ च्या आगेमागे घट्ट होतो. म्हणजे ६३-६५ वर बलक मलईसारखा आणि पांढरं मात्र थरथरतं, ओघळणारं. जपानी लोकांना ते आवडतं, गरम झऱ्यांच्या पाण्यात ते पूर्वापार अशी अंडी करतात. आमच्या घरी त्याला ‘शेंबडं अंडं’ असं नाव पडलंय आणि ते माझ्याखेरीज कुणी तोंडात घालत नाही. भाकरीबरोबर मीठ-मिरं घालून खायचं असेल तर ७५ अंशांवर १३-१४ मिनिटं ठेवा. पांढरं धरेल, बलक वाहता राहील.

मटणाला नेहमीसारखं आलं-लसूण, दही आणि थोडी कच्ची पपई लावून ६० अंशांवर बारा तास ठेवलं. अ‍ॅपमध्ये ‘लॅम्ब’साठी हेच आकडे होते. मटणाचा लगदा झाला आणि वर आल्या-लसणीचा कच्चा वास. एवढे पैसे घालून हे?
— एक वाचक, कोल्हापूर

दादा, तुमचं पत्र वाचून मला माझा पहिला जावई आठवला. मला एकच आहे, पण तो पहिल्यांदा जेवायला आला त्या दिवशीचा. मी अगदी हाच पराक्रम केला होता. पिशवी कापून मटण ताटलीत ओतलं तर हाडं वेगळी आणि बाकी सगळं लापशीसारखं. जावईबापू सज्जन, त्यांनी ते पोळीला लावून खाल्लं.

त्याचं कारण असं. कच्च्या पपईत पपेन असतं हे आपल्याला माहीत असतं. कच्च्या आल्यातही तसंच मांस तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, हे मला जावयाच्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं. गॅसवर मटण शिजतं तेव्हा ही विकरं थोडा वेळ काम करतात आणि उकळीबरोबर मरतात. सू वीडमध्ये आपण पाणी ६० वर धरून ठेवतो आणि या दोघांना सगळ्यात जोमानं काम करायला नेमकं तेवढंच तापमान लागतं. तुम्ही त्यांना बारा तासांची पाळी लावून दिलीत.

कच्च्या वासाचं कारण वेगळं. आपल्या वाटणाची चव तेलात परतण्यातून येते, आणि त्याला शंभराच्या बरंच वर जावं लागतं. ६० अंशांच्या पिशवीत लसूण कच्चीच राहते, फक्त कोमट होते. अ‍ॅपमधली कृती लिहिणाऱ्यानं मीठ, मिरं आणि एखादी वाळवलेली पानं एवढाच मसाला धरलेला असतो. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची त्याला गंधवार्ता नसते. तेव्हा आकडे त्याचे घ्या, मसाला त्याच्यावर सोपवू नका.

आता आम्ही असं करतो : बोकडाच्या मटणाला फक्त मीठ आणि हळद, पिशवी बंद, ७४ अंशांवर १४ तास. चिवट जोडऊती विरघळून तिचं जिलेटिन व्हायला एवढा वेळ लागतो. सकाळी वेगळ्या पातेल्यात वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, पिशवीतलं पाणी गाळून त्यात ओतायचं, खळखळून उकळी आली की शेवटी मटण. तुकडा अखंड राहतो आणि चमच्यानं तुटतो.

पण कोल्हापूरकरांना एक खरं सांगून टाकतो. तांबडा-पांढरा करायचा असेल तर हे यंत्र माळ्यावर ठेवा. त्या दोन्ही रश्श्यांना मटण उकळून निघालेलं आळणी पाणीच हवं, आणि पिशवीतून निघतं वाटीभर. तिथे कुकर जिंकतो. सुकं मटण, चॉप, कोंबडीचा छातीचा तुकडा, जिथे मांस हेच मुख्य आणि रस्सा दुय्यम, तिथे सू वीडला तोड नाही. बाहेर काढल्यावर पुसून कोरडं करायचं आणि बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवून मिनिटभर दोन्ही बाजू भाजायच्या. पाण्यात तो खरपूसपणा कधीच येणार नाही, कारण त्याला १४० अंशांच्या वर जावं लागतं.

मी सकाळी आठला घर सोडते, संध्याकाळी सातला येते. चिकन बर्फाच्या पाण्यात ठेवून गेले आणि ऑफिसमधून पाचला अ‍ॅपवर सुरू केलं तर चालेल ना? जाहिरातीत तसंच दाखवतात.
— एक वाचक, डोंबिवली

नाही. जाहिरातीतलं स्वयंपाकघर डोंबिवलीत नसतं. कच्चं चिकन ५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. ५ ते ६० हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. मे महिन्यात बंद घरात नऊ तास बर्फ टिकवायचा तर पातेलं नाही, शीतपेटी लागेल. अ‍ॅप तुम्हाला पाण्याचं तापमान ऑफिसात बसून दाखवेल हे खरं, पण दुपारी दोनला ते १४ दिसलं तर तुम्ही काय करणार आहात?

उलट करा. सकाळी पातेल्यात नुसतं पाणी आणि दांडा ठेवून जा, चिकन फ्रिजमध्येच. गाडीनं ठाणं सोडलं की फोनवरून सुरू करा. तुम्ही स्टेशनवरून घरी पोचेपर्यंत पाणी तयार. मग पिशवी सोडा. अडीच सेंटीमीटर जाडीच्या तुकड्याला ६२ अंशांवर दीड तास. दुरून सुरू करायच्या सोयीचा मला सापडलेला एवढाच निर्धोक उपयोग. पाणी कमी असेल तर चांगलं यंत्र आपण होऊन थांबतं, तरी खूण बघूनच भरा.

जाडी मोजा, वजन नको. जाडी दुप्पट झाली तर आतपर्यंत ऊब पोचायला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो. अर्धा किलोच्या चार पातळ तुकड्यांचा आणि अर्धा किलोच्या एका गोळ्याचा वेळ एक नसतो. बरीचशी अ‍ॅप जाडी विचारतात आणि आपण घाईत पहिलाच पर्याय दाबून मोकळे होतो.

मुलानं न्यू जर्सीहून त्याचा जुना दांडा आणून दिलाय. प्लगला अडॅप्टर लावला की झालं ना?
— एक वाचक, सांगली

थांबा, लावू नका! अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. तिकडचा दाब १२० व्होल्ट, आपला २३०. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे हजार वॉटचा दांडा इथे साडेतीन हजारांच्या वर ओढायला जाईल आणि पहिल्या मिनिटात प्राण सोडेल. फोनच्या चार्जरवर १०० ते २४० असं छापलेलं असतं, म्हणून आपल्याला वाटतं सगळं चालतं. हीटरवर ते छापलेलं नसतं. केस वाळवायच्या यंत्रासाठी मिळणारे स्वस्त कन्व्हर्टरही नकोत, ते दांड्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सची वाट लावतात. खरा उपाय दीड हजार व्होल्ट-अँपिअरचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर. तो महागही आणि जडही. त्यापेक्षा दांडा मुलाच्या सामानात परत घाला आणि इथल्या दाबाचा घ्या.

अ‍ॅपला यंत्र सापडतच नाही. राउटर नवा आहे, फोनही नवा आहे.
— एक वाचक, ठाणे

बहुधा राउटर नवा आहे हाच घोळ. असली यंत्रं बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच बोलतात. नवे राउटर ५ चं आणि २.४ चं जाळं एकाच नावानं दाखवतात. राउटरमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं द्या, फोन २.४ वर आणा आणि मग जोडणी करा. अ‍ॅपनं ‘जवळची उपकरणं’ किंवा ‘लोकेशन’ची परवानगी मागितली तेव्हा सवयीनं ‘नाही’ दाबलं असेल, तर तेही तपासा. ब्लूटूथवर जोडलं असेल तर संपर्क तुटायला मधल्या दोन भिंती पुरे होतात.

रात्री नऊला मटण लावून झोपलो. १.४० ला ‘संपर्क तुटला’ असा निरोप फोनवर आला होता, तो सकाळी बघितला. सहाला पाणी ४८ अंशांवर, वीज नुकतीच आलेली. मटण पुन्हा ७४ वर लावलंय. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांना द्यायचं का?
— एक वाचक, नाशिक रोड

नका देऊ. कुणीच खाऊ नका. मी कागदावर हिशेब मांडला. माझ्या दहा लिटरच्या झाकणवाल्या पातेल्याला ७४ वर टिकून राहायला सुमारे शंभर वॉट लागतात (प्लगमध्ये मीटर लावून मोजलंय), म्हणजे तेवढीच ऊब ते बाहेर सोडतं. त्यावरून तुमचं पाणी साडेतीन-पावणेचारच्या सुमाराला ६० च्या खाली उतरलं असावं. म्हणजे धोक्याच्या पट्ट्यात दोन तासांहून जास्त. नऊ ते पावणेदोन मटण गरम होतं, त्यात जिवंत जंतू मेले असतील, पण काहींची बीजं तेवढ्यानं मरत नाहीत आणि पाणी कोमट झालं की उगवतात. काहींचं विषही पुन्हा तापवून जात नाही. दोन किलो मटण टाकताना जीव तुटतो, मला माहीत आहे.

फोन बंद पडला, वाय-फाय गेलं, तर काळजी नको. तापमान आणि घड्याळ बहुतेक यंत्रांत दांड्याच्या पोटातच असतं, फोन नुसता निरोप्या. वीज गेली तरच खेळ संपतो. वीज आल्यावर काही यंत्रं आपण होऊन सुरू होतात, काही मुकाट बसून राहतात. तुमचं कोणतं, ते दिवसा नुसत्या पाण्यावर प्लग काढून-घालून बघा. आणि रात्रभर लावणार असाल तर ‘संपर्क तुटला’ या निरोपाचा आवाज चालू ठेवा. बाकी सगळे निरोप बंद केलेत तरी चालतील.

कोणतं घ्यावं? पूर्ण फोनवर चालणारं की बटणांचं?
— एक वाचक, पणजी

बटणांचं. सिअ‍ॅटलच्या शेफस्टेप्स कंपनीनं २०१६ साली ‘जूल’ नावाचा दांडा काढला. दिसायला देखणा, आकारानं लहान, पण अंगावर ना पडदा ना तापमानाचं बटण, सगळं फोनवरून. (नाव ठेवलं ते उष्णतेचं मोजमाप करणाऱ्या इंग्रज शास्त्रज्ञाचं. तो बिअर गाळणाऱ्या घराण्यातला, म्हणजे तापमापकाशी त्याचं घरचंच नातं.) पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये असेच दांडे करणाऱ्या अनोव्हा कंपनीनं जाहीर केलं की नव्यानं नाव नोंदवणाऱ्यांना अ‍ॅपसाठी वर्गणी पडेल, आणि काही जुन्या यंत्रांची अ‍ॅपशी जोडणी २०२५ च्या सप्टेंबरअखेर बंद होईल. त्या जुन्या यंत्रांना अंगावर बटणं असल्यामुळे ती पाण्यात चालत राहणार, फोनशी बोलणं तेवढं बंद. बटणं नसती तर काय झालं असतं, विचार करा. माझा कारखान्यातला एक नियंत्रक १९८८ पासून चालू आहे, त्याला अजून कुणी वर्गणी मागितलेली नाही.

जुळलेले आकडे वहीत उतरवून ठेवा, अ‍ॅपच्या ‘आवडत्या’ यादीत नकोत. आमच्या फ्रिजवर एक कागद आहे : अंडं ७५/१४ मिनिटं, कोंबडी ६२/दीड तास, बोकड ७४/१४ तास, गाजर ८५/एक तास. हाताशी तेवढे पुरतात.

आणि दर महिन्याला दांडा साफ करा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर हीटरवर पांढरा थर बसतो आणि आकडे फसवायला लागतात. पातेल्यात लिंबूसत घालून ७० अंशांवर अर्धा तास फिरवा.

आम्ही पूर्ण शाकाहारी. आमच्यासाठी यात काय?
— एक वाचक, सदाशिव पेठ

हा प्रश्न सौ.नं वाचला आणि म्हणाली, याचं उत्तर मी देते.

भाज्या : भाजीला कडक धरून ठेवणारं पेक्टिन सुटायला ८३-८५ अंश लागतात, म्हणून गाजर-बीट ८५ वर. ६० वर बारा तास ठेवलंत तरी गाजर कडकच राहील. पिशवी फुगून वर येते, म्हणून आत दगड नाही तर स्टीलचा चमचा घालायचा. गाजराचं पाणी बाहेर जात नाही, चव चांगली लागते. पण रोजच्या भाजीला कोण एवढा वेळ देणार, कढई बरी.

खरा उपयोग दह्याचा. आमच्या घरी थंडीत दही लागायचं नाही. डबा पांघरुणात गुंडाळा, पिठाच्या डब्यात ठेवा, कणकेत पुरा, सगळं झालं. आता दूध ८५ पर्यंत तापवते, ४३ पर्यंत निवू देते, अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण. काचेच्या बरण्यांत भरून झाकण सैल ठेवते, बरणीतल्या दुधाच्या पातळीपर्यंत पाणी, दांडा ४३ वर, सहा तास. मध्ये हलवायचं नाही. चक्क्यासाठी आंबट हवं असेल तर आठ. डिसेंबरात पहाटे अकरा अंश होते, त्या दिवशीही सुरीनं कापावं असं लागलं होतं.

अ‍ॅप मी उघडत नाही. दांड्याच्या डोक्यावरचं चाक फिरवते आणि ४३ आलं की झोपायला जाते. फोनवरचा ‘झालं’ हा निरोप यांच्याकडे पहाटे चारला येतो, आणि उठून बरण्या फ्रिजमध्ये हेच ठेवतात.